झाड कुणाचं? नायजर देशाची गोष्ट

(तालुका शिबिरात दुपारच्या सत्रात झालेलं भाषण. ज्या गावांतले लोक येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. गावच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावं.)



सकाळपासून आपण दाव्यांचे कागद, नकाशे, पुरावे यावरच बोलतोय. डोकं दमलं असेल. म्हणून आता मी तुम्हाला एका लांबच्या देशाची गोष्ट सांगतो. पण गोष्ट संपल्यावर आपण परत दाव्यांवरच येणार आहोत, हे आधीच सांगून ठेवतो.

देशाचं नाव नायजर. आफ्रिका खंडाच्या पश्चिम भागात आहे. आपल्या महाराष्ट्राच्या चौपट मोठा, पण माणसं महाराष्ट्राच्या मानाने फारच थोडी. अडीच कोटींहून थोडी जास्त. कारण देशाचा बराचसा भाग म्हणजे सहारा वाळवंट. समुद्र कुठेच नाही. एका कोपऱ्यातून मोठी नदी जाते, तिच्यावरूनच देशाला नाव पडलं. दक्षिणेला एक लांब पट्टा आहे, तिथे तीन-चार महिने पाऊस पडतो. त्या पट्ट्यातच शेती आणि त्या पट्ट्यातच बहुतेक माणसं.

काय पिकवतात? बाजरी. ज्वारी. चवळी. आता ऐका, ही बाजरी आपल्याकडे आली कुठून? शास्त्रज्ञ सांगतात की बाजरी पहिल्यांदा माणसाने पेरली ती पश्चिम आफ्रिकेच्या याच कोरड्या पट्ट्यात. तिथून ती चार हजार वर्षांपूर्वी आपल्या देशात आली. म्हणजे आपण जी भाकर खातो तिचं मूळ त्या लोकांच्या पूर्वजांच्या हातात आहे. तेव्हा त्यांना परकं समजू नका.

तिथे एकच जमात नाही. हौसा आहेत, झर्मा आहेत, कानुरी आहेत, ते मुख्यतः शेती करणारे. फुलानी गुरं घेऊन फिरणारे. उत्तरेला वाळवंटात तुआरेग, ते उंट आणि शेळ्या पाळतात, पूर्वी मिठाचे आणि खजुराचे तांडे घेऊन जायचे. पूर्वी तिथे राजे होते, सुलतान होते, भांडणं होती, गुलामगिरीही होती. सगळं गोड होतं असं मी सांगणार नाही. पण जमीन, पाणी, चराई यांचे नियम लोकांचे होते. गुरं कधी शेतात सोडायची, विहीर कुणी खणली तर पहिला हक्क कुणाचा, हे गाव आणि टोळ्या मिळून ठरवत.

गोरे कसे आले

१८८४-८५ साली जर्मनीत बर्लिन शहरात युरोपातल्या सरकारांची बैठक झाली. आफ्रिकेवर हक्क कुणी कसा सांगायचा त्याचे नियम तिथे ठरले. त्या बैठकीत एकही आफ्रिकी माणूस नव्हता. पुढे करार करून, नकाशावर पट्टी ठेवून रेघा मारल्या. नायजर फ्रान्सच्या वाट्याला गेला. आपल्याकडे इंग्रज, तिथे फ्रेंच, एवढाच फरक.

१८९९ साली व्हुले आणि शानुआन या दोन फ्रेंच कप्तानांची फौज त्या भागात शिरली. वाटेतल्या गावांकडून धान्य, पाणी, हमाल मागायचे. गावाने नाही म्हटलं की गाव जाळायचे. बिर्नी न्कोन्नी नावाच्या गावात तर त्यांनी भयंकर कत्तल केली. बोभाटा पॅरिसपर्यंत गेला, तेव्हा फ्रान्सने यांना आवरायला एक कर्नल पाठवला. व्हुलेने त्या आपल्याच कर्नलला गोळ्या घालून मारलं. थोड्याच दिवसांत दोघे कप्तान आपल्याच शिपायांच्या हातून मेले. पण फौज थांबली नाही, ती पुढे गेली आणि राज्य फ्रेंचांचंच झालं.

याच फौजेशी लुगू गावची एक बाई लढली. तिला सारौनिया म्हणतात. हौसा भाषेत सारौनिया म्हणजे राणी, पुढारीण. फौजेकडे तोफा, तिच्या लोकांकडे धनुष्यबाण. गाव सोडून ते झाडीत शिरले आणि तिथून लढले. आज तिथल्या पोरांना तिचं नाव पाठ आहे.

पुढे १९१६ साली तुआरेग लोकांनी काओसेन नावाच्या पुढाऱ्याबरोबर उठाव केला. अगादेझ शहरातल्या फ्रेंच ठाण्याला जवळजवळ तीन महिने वेढा घातला. उठाव मोडला, आणि मोडल्यावर सूड घेतला गेला. १९२२ साली नायजर रीतसर फ्रान्सची वसाहत म्हणून जाहीर झाली.

कर, वेठ आणि शेंगा

राज्य बसल्यावर पहिली गोष्ट काय केली? डोई-कर. घरात जितकी माणसं तितका कर. तोही कवड्यांत नाही, धान्यात नाही, फ्रेंच नाण्यातच भरायचा. आता बाजरी खाणाऱ्या माणसाकडे फ्रेंच नाणं कुठून येणार? दोनच वाटा. एक, फ्रेंच व्यापाऱ्याला पाहिजे ते पीक पेरायचं. दोन, घर सोडून मजुरीला जायचं.

पीक होतं भुईमूग. फ्रान्सच्या कारखान्यांना तेलासाठी शेंगा हव्या होत्या. चांगली जमीन शेंगांकडे गेली, पूर्वी जी जमीन दोन-चार वर्षं पडीक ठेवून दम खायला द्यायचे ती पेरण्याखाली आली. बाजरी मागे ढकलली. गुरं चारणारे आणखी उत्तरेकडे, कोरड्या जमिनीकडे सरकले. दुसरी वाट मजुरीची. झर्मा जवान सुगी झाली की शेकडो मैल चालत समुद्रकाठच्या मुलखात, आजच्या घाना देशात जायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याशिवाय वेठ होतीच. रस्ते बांधायचे, सामान वाहायचं, मोबदला नाही. साहेबाला वाटलं तर खटल्याशिवाय कैद किंवा दंड, असा खास कायदाच 'देशी' लोकांसाठी होता. १९३१ साली पश्चिम भागात टोळधाड आणि अवर्षण एकदमच आलं. धान्य संपलं तरी करवसुली चालू राहिली. हजारो माणसं मेली, हजारो गावं सोडून पळाली. वेठ आणि तो कायदा १९४६ साली रद्द झाले, तेही आफ्रिकेतल्या लोकांनी लढून.

झाडावर मालक बसला

आता नीट ऐका, कारण आपला मुद्दा इथे आहे.

१९०४ साली फ्रेंच सरकारने फर्मान काढलं की जी जमीन 'रिकामी आणि बेवारस' आहे ती सरकारची. पडीक ठेवलेली जमीन, चराईची जमीन, झाडीची जमीन, साहेबाच्या डोळ्याला सगळी रिकामीच दिसायची. मग १९३५ साली पश्चिम आफ्रिकेतल्या सगळ्या वसाहतींसाठी जंगलाचं फर्मान आलं. जंगल सरकारचं. काही जातींची झाडं राखीव, ती माणसाच्या स्वतःच्या शेतात असली तरी हात लावायचा नाही. फांदी तोडायला परवाना. परवाना नसला तर दंड.

आपल्याकडे १८७८ चा आणि १९२७ चा जंगल कायदा. तिकडे १९३५ चा. भाषा वेगळी, कायद्याचा जीव एकच. पिढ्यान् पिढ्या जो राहतो तो चोर, आणि कालच आला तो मालक.

१९६० साली, ३ ऑगस्टला, नायजर स्वतंत्र झाला. झेंडा बदलला. जंगल कायदा? तोच राहिला. १९७४ साली नवा केला, त्यातही परवाना आणि दंड तसाच. फ्रेंच साहेब गेला, त्याच्या जागी आपल्याच रंगाचा, आपलीच भाषा बोलणारा फॉरेस्टवाला आला. आपल्याला हे अनुभवानं माहीत आहे.

आता विचार करा, त्या शेतकऱ्याने काय केलं असेल? त्याच्या शेतात एक रोप उगवलं. ते वाढलं तर सरकारचं. सावलीने पीक कमी आलं तर नुकसान त्याचं. फांदी तोडली तर दंड त्याला. आणि रात्री दुसऱ्याच कुणी झाड तोडून नेलं तरी फॉरेस्टवाला विचारायला येणार त्यालाच. मग शहाणा माणूस काय करील? रोप वीतभर असतानाच खुरप्याने काढून टाकील. तेच झालं. झाड वाचवायला म्हणून कायदा केला, आणि त्या कायद्याने माणसाला झाडाचा वैरी केलं. वरून सरकार म्हणायला मोकळं, की हे लोक अडाणी, यांनीच जंगल संपवलं.

त्यात १९६८ ते १९७४ मोठा दुष्काळ पडला. गुरं मेली, तुआरेग आणि फुलानी लोकांचे कळप संपले, माणसं शहराच्या कडेला तंबू ठोकून राहिली. १९८४ साली पुन्हा दुष्काळ. झाडं नसलेल्या शेतावर वारा आला की वाळू उडायची, उगवलेली बाजरी कापून टाकायची. एकाच हंगामात दोन-तीनदा पेरावं लागायचं.

मुळं जिवंत होती

सरकारने आणि परदेशी संस्थांनी रोपवाटिका काढल्या, लाखो रोपं लावली. बहुतेक मेली. १९८३ च्या सुमाराला मराडी जिल्ह्यात टोनी रिनाडो नावाचा ऑस्ट्रेलियाचा माणूस हेच काम करत होता. त्याने पाहिलं की शेतात जी खुरटी झुडपं दिसतात ती झुडपं नाहीतच. ती जुन्या तोडलेल्या झाडांची खुंटं आहेत, जमिनीखाली त्यांची मुळं जिवंत आहेत. दरवर्षी फुटवे येतात, दरवर्षी लोक कापतात. कापायचं थांबवलं, चार-पाच जोमदार फुटवे ठेवले, बाकीचे छाटले, की झाड आपोआप उभं राहतं. खड्डा नको, रोप नको, पाणी नको.

तुम्ही हसताय. बरोबर आहे. खुंटाला फुटवा येतो हे सांगायला ऑस्ट्रेलियातून माणूस कशाला पाहिजे! तिथल्या म्हाताऱ्यांनाही ते माहीत होतं. अडचण माहितीची नव्हतीच. अडचण होती मालकीची. वाढवलेलं झाड आपलं राहील का, हा प्रश्न होता. रिनाडोने आणि गावकऱ्यांनी तिथल्या फॉरेस्टच्या अधिकाऱ्यांशी बोलून एवढं ठरवून घेतलं, की जो झाड राखेल त्याला त्याची फांदी तोडता येईल, विकता येईल, दंड होणार नाही. कायदा तेव्हा बदलला नव्हता, फक्त दंडाचा हात आखडला. देशात सरकारही त्या काळात ढिलं पडत होतं, फॉरेस्टवाल्यांची पूर्वीची दहशत राहिली नव्हती.

मग काय झालं? एका गावाचं पाहून दुसऱ्या गावाने केलं.  वीस वर्षांनी उपग्रहावरून काढलेले फोटो जुन्या फोटोंशी लावून पाहिले, तेव्हा मराडी आणि झिंदर या दोन भागांत मिळून सुमारे ५० लाख हेक्टर जमिनीवर झाडं परत आलेली दिसली. शास्त्रज्ञसुद्धा चकित झाले.

त्यात एक झाड आहे, हौसा भाषेत त्याला गाओ म्हणतात. आपल्या बाभळीच्या कुळातलं. त्याची गंमत अशी की पावसाळ्यात त्याची पानं गळतात आणि उन्हाळ्यात ते हिरवं असतं. म्हणजे पीक उभं असताना सावली नाही, आणि चारा नसताना शेंगा आणि पाला आहे. खाली पडलेल्या पाल्याने आणि गुरांच्या शेणाने जमीन कसदार होते. झिंदरच्या जुन्या सुलतानाने गाओ तोडणाऱ्याला कडक शिक्षा ठेवली होती असं तिथले लोक सांगतात. जळणासाठी बायांची वणवण कमी झाली. वाऱ्याचा मारा कमी झाला, एकदाच पेरून भागायला लागलं.

१९९३ साली तिथे ग्रामीण जमिनीचा नवा कायदा आला. रूढीने चालत आलेला हक्कसुद्धा कागदावरच्या हक्काइतकाच खरा, असं त्यात म्हटलं. जमिनीच्या समित्या नेमल्या, त्यात गावचे, गुरंवाल्यांचे, बायांचे प्रतिनिधी घ्यायचे ठरलं. पण बऱ्याच ठिकाणी समित्या फार उशिरा बसल्या. कायदा झाला म्हणजे काम झालं असं तिथेही नाही.

जमिनीखालचं कुणाचं?

झाडाची गोष्ट चांगली झाली. आता वाईट बाजू.

उत्तरेला वाळवंटात आर्लित नावाचं गाव आहे. तिथे जमिनीखाली युरेनियम सापडलं. युरेनियमपासून अणुवीज होते, अणुबाँब होतो. फ्रान्सने १९६१ सालीच संरक्षण करार करून घेतला होता, त्यात युरेनियमसारख्या मालावर फ्रान्सचा पहिला हक्क ठेवला. १९७१ साली खाण चालू झाली. फ्रान्सच्या सरकारी मालकीच्या कंपनीचा वाटा मोठा होता, नायजर सरकारचा वाटा साधारण एक तृतीयांश होता. १९७४ साली नायजरच्या अध्यक्षाने जास्त भाव मागायला सुरुवात केली. बोलणी चालू असतानाच एप्रिलमध्ये लष्कराने त्याला खाली खेचलं.

फ्रान्समधली बहुतेक घरं अणुविजेवर उजळतात, आणि त्या विजेचा बराच कच्चा माल आर्लितहून जायचा. नायजरमधल्या बहुतेक खेड्यांत मात्र वीज पोचलेली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ साली मानवी विकासाची यादी काढली. १८२ देश होते, नायजरचा नंबर १८२ वा.

खाणीने वाळवंटाच्या पोटातलं पाणी उपसलं, जे पुन्हा भरायला हजारो वर्षं लागतात. चराईची जमीन गेली ती तुआरेग लोकांची. २००३ साली फ्रान्समधल्या एका स्वतंत्र प्रयोगशाळेचे लोक तिथे गेले, त्यांना बाजारात विकलं जाणारं खाणीचं भंगार किरणोत्सारी आढळलं. लोक त्याची भांडी आणि घरं करत होते. कंपनी म्हणायची की सगळं नियमात आहे. आपल्या झारखंडमध्ये जादूगोड्याला हो आणि संथाळ बांधव १९६७ पासून हेच भोगतायत. २००७ साली तुआरेग जवानांनी पुन्हा बंदुका उचलल्या. त्यांच्या मागण्यांत एक होती, खाणीच्या पैशातला वाटा आणि नोकऱ्या इथल्या माणसाला द्या.

आणि अन्न? २००५ साली तिथे भूकबळी गेले. त्याच्या आधीच्या वर्षी पाऊस कमी होता आणि टोळही आले होते. पण बाजारात धान्य होतं, भाव मात्र गरिबाच्या हाताबाहेर गेले होते. त्याच वर्षी सरकारने पीठ, दूध यांवर १९ टक्के कर लावला होता. लोक हजारोंनी रस्त्यावर आले, तेव्हा सरकारला तो मागे घ्यावा लागला.

एका बाईचीही गोष्ट सांगतो. हदिजातू मनी. बारा वर्षांची असताना तिला विकलं होतं. गुलाम म्हणून राबवलं. गुलामगिरी गुन्हा आहे असा कायदा २००३ साली झाला, तरी तिला देशातल्या कोर्टात न्याय मिळाला नाही. ती पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या एकत्र कोर्टात गेली. २००८ साली त्या कोर्टाने सांगितलं की हिला वाचवण्यात नायजर सरकार कमी पडलं, सरकारने भरपाई द्यावी. लिहायला वाचायला न येणारी एकटी बाई सरकारविरुद्ध जिंकली.

आता आपल्याकडे

मी एवढं का सांगितलं? आपल्या तालुक्यात वैयक्तिक दावे पुष्कळ भरले. चांगलं झालं, नांगराखालची जमीन नावावर आलीच पाहिजे. पण सामूहिक दाव्याचे नमुने 'ख' आणि 'ग' किती गावांनी भरले? सकाळी हात वर करायला सांगितलं तेव्हा मोजकेच हात वर आले. बाकीचे म्हणाले, जंगल तर काय फॉरेस्टचंच आहे, प्लॉट मिळाला की झालं.

नाही, झालं नाही. २००६ च्या कायद्याने ग्रामसभेला जंगल राखायचा, वाढवायचा, त्याचा कारभार बघायचा हक्क दिलाय. तो मागितला नाही तर जंगल फॉरेस्टचंच राहील, आणि जे दुसऱ्याचं आहे ते कुणी राखत नाही. मोहाचं रोप उगवेल आणि आपणच त्याच्यावरून नांगर फिरवू. नायजरच्या शेतकऱ्याने तेच केलं होतं, आणि दंडाची भीती गेली तेव्हा त्यानेच ५० लाख हेक्टर उभं केलं. माणूस तोच, माती तीच.

तीन गोष्टी घरी घेऊन जा. पहिली, नमुने 'ख' आणि 'ग' या महिन्याच्या ग्रामसभेत काढा, आणि सीमा म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन चालत जाऊन ठरवा. दुसरी, आपल्या रानात दरवर्षी मेंढ्या, गुरं घेऊन येणारे असतील तर त्यांना बैठकीला बोलवा. कायद्यात फिरत्या गुरंवाल्यांचाही हक्क आहे. नायजरमध्ये शेतकरी आणि फुलानी यांच्यात मारामाऱ्या होतात, माणसं मरतात, कारण शेती वाढत गेली आणि गुरांच्या वाटा बंद झाल्या. आपण ती चूक आधीच टाळू. तिसरी, सरपण, डिंक, पाला, मोहफुलं यांचे नियम करताना बायांना विचारून करा. डोक्यावर मोळी त्या आणतात. कुठे किती उरलंय ते त्यांना माहीत आहे.

आणि कागदाची पोच घ्यायला विसरू नका. पोच नाही तर दावा नाही.

जिंदाबाद!